तूबा खानमच्या पाठीमागची आश

तूबा खानमनं शपथ घातली आणि लगेच पस्तावली. पण शपथ म्हणजे काही दोरीला बांधलेली शेळी नव्हे, ओढली की परत यायला.

झालं असं, की तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यानंही फारसं दिसत नव्हतं. इस्फहानच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती आणि तिचा भाचा जमशीद सकाळी सकाळी गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. सगळी गल्ली निरोपाला जमली. शेजारची मुनव्वर तिच्या डोक्यावर कुराण धरून उभी, मुनव्वरची सून गुलअंदाम मागून पाणी ओतायला तांब्या घेऊन तयार. आणि त्या गडबडीत मुनव्वरनं विचारलं, "तूबा, परवा आश टाकू ना गं तुझ्यामागे?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तूबा खानमचा जीव महिनाभर टांगणीला लागला होता. आमच्या खानसारात कुणी प्रवासाला निघालं, की मागे राहिलेल्यांनी तिसऱ्या दिवशी शेवयांची आश शिजवायची आणि गल्लीभर वाटायची. हरभरे, राजमा, मसूर, ढीगभर पालक, कोथिंबीर आणि कांद्याची पात, हे सगळं एकजीव होईतो शिजलं की त्यात शेवया सोडायच्या. वरून ताक आटवून केलेलं आंबट-खारट कश्क आणि तेलात परतलेला पुदिना. या शेवया म्हणजे प्रवाशाची वाट. त्या भांड्यात मोकळ्या राहिल्या, की माणूस सुखरूप घरी येतो. याला शास्त्र वगैरे काही नाही. पण विमानात बसून जाणाऱ्यांच्या आयासुद्धा आश टाकतात, आणि ती मुलं पोचल्याचा फोन करतात तेव्हा पहिल्यांदा विचारतात, "आश कशी झाली होती?"

ही आश गल्लीत कायम तूबा खानमच टाकायची. पलटणीत गेलेल्या पोरांमागे, सासरी गेलेल्या मुलींमागे, मशहदच्या यात्रेला गेलेल्यांमागे. निवृत्त मास्तर इस्फंदियार आगा नवे दात बसवायला एका रात्रीपुरते इस्फहानला गेले, तर त्यांच्यामागेसुद्धा टाकली होती. "तिसऱ्या दिवशी मी परत घरात होतो, माझीच आश मलाच वाढली हिनं, आणि दात नवे असल्यानं मला ती खाता आली नाही," हे ते अजून सांगतात. घरात एकटी बाई, ना मूल ना बाळ, पण तिच्या ओसरीत कल्हई केलेलं तांब्याचं भांडं एवढं मोठं, की त्यात लहान पोराला आंघोळ घालावी. घरात पाहुणा असो की नसो, डाळ भिजवताना ती एक मूठ जास्त घालायची. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणायची, "दारात कोण उभं आहे ते मला काय ठाऊक? पण असणार कुणीतरी."

एका रात्रीच्या प्रवासालाही आश टाकायची, यावर लोक हसायचे. मुनव्वर हसायची नाही. तिला ठाऊक होतं. तूबाचा नवरा करामत मालट्रक चालवायचा. एकदा निघताना म्हणाला, "उद्या संध्याकाळी परत येतोय, एका दिवसासाठी कसली आश?" तूबानं ऐकलं. तो आला तो चादरीत गुंडाळलेला. त्यानंतर गल्लीतून कुणी बाहेर पडलं, की तूबाच्या अंगणात चूल पेटलीच.

तर आता तूबा स्वतः निघाली होती आणि मुनव्वरनं विचारलं होतं. आता आमच्याकडची रीत अशी, की पहिल्या विचारण्याला हो म्हणेल तो हावरा, दुसऱ्याला म्हणेल तो उतावळा. दोनदा नाही म्हटल्यावर मग तिसऱ्या खेपेला माणसानं अनिच्छेनं मान डोलवायची. तूबा खानम तर या कामात पटाईत. लग्नाच्या पंगतीत तिच्या ताटात भात वाढायला दोन माणसं लागायची, एक वाढायला आणि एक तिचे हात धरायला.

"वेडी का काय तू?" ती मुनव्वरला म्हणाली. "माझ्यासारख्या म्हातारीमागे कसली आश?"

"असं कसं? टाकणार म्हणजे टाकणार."

"नको गं. तुझी कंबर दुखते, एवढं ढवळायचं म्हणजे..."

"कंबर माझी आहे ना? मग?"

आता तिसऱ्या खेपेला हळूच "बघ बाई, तुला जमेल तसं" म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. पण डोक्यावर कुराण, आजूबाजूला सगळी गल्ली, गुलअंदामचं मुसमुसणं. तूबा खानमच्या घशात हुंदका आला. तो दाबायला ती ओरडली, आणि ओरडता ओरडता पार पुढे गेली. "माझं मेलेलं तोंड बघाल, कुणी आपल्या घरात माझ्यासाठी चूल पेटवलीत तर! सगळ्यांना सांगून ठेवते!"

मेलेल्या तोंडाची शपथ, तीही ऑपरेशनला निघालेल्या बाईनं घातलेली. ती मोडायची कुणाची छाती? जन्मात कधी कुणाला शेवटचा शब्द बोलू न दिलेली मुनव्वर कुराण खाली घेत म्हणाली, "बरं. तू म्हणशील तसं."

गुलअंदामनं मागून पाणी ओतलं, गाडी निघाली आणि तूबा खानम मागच्या सीटवर बसून स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालू लागली.

इस्फहानला जमशीदच्या बायकोनं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. रोज वेगळा भात, रोज वेगळी भाजी. तूबा खानमनं सगळ्याला नाही म्हणत म्हणत थोडं थोडं खाल्लं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं तिला टेबलावर झोपवायच्या आधी छातीला नळी लावली, तिचा खोकला ऐकला आणि नळी काढून ठेवली.

"आजी, मी डोळ्यात सुई घालणार आणि तुम्ही खोकलात, म्हणजे? आधी खोकला जाऊ द्या. पंधरा दिवसांनी या."

"आणि नाही आले तर?"

"तर हा डोळा गेला म्हणून समजा. दुसराही त्याच वाटेवर आहे."

जमशीद म्हणाला, पंधरा दिवस इथेच राहा. तिनं ऐकलं नाही. तिला घरी जायचं होतं, आणि घाटातून गाडी चढत असताना तिनं ठरवूनही टाकलं. आज तिसरा दिवस. आज तिच्यामागे आश शिजत असायला हवी होती, आणि गल्लीत चूल थंड होती. तिच्याच तोंडानं थंड केलेली.

"जमशीद, मला डोळा नाही करायचा," ती म्हणाली.

"अहो खाला, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? आंधळ्या व्हाल."

"होईन. मला हरभरे निवडायला डोळे लागत नाहीत."

"पण कारण काय?"

कारण काय सांगणार? माझ्यामागे कुणी नाही, ज्याच्यामागे कुणी नाही त्यानं प्रवासाला निघू नये, हे भाच्याला कसं सांगायचं? त्याला वाटलं असतं, आपण कमी पडलो. ती म्हणाली, "तू रस्त्याकडे बघ. बर्फ आहे."

गल्ली अरुंद असल्यानं गाडी तोंडाशीच थांबायची. तिनं जमशीदला तिथूनच परत पाठवलं, उजेड आहे तोवर घाट उतर म्हणाली. पिशवी हातात घेऊन, भिंतीला हात लावत लावत ती चालू लागली. तिला आता फक्त उजेड नि सावली दिसायची, बाकी सगळं कान आणि नाक बघायचं. आणि गल्लीच्या मध्यावर आली तशी तिच्या नाकानं तिला थांबवलं.

पुदिना. तेलात परतलेला पुदिना, आणि त्याच्यामागे शिजलेल्या पालकाचा वास.

कुणीतरी आश टाकली होती. कोण गेलं गावाला? दोन दिवस आपण नाही, तेवढ्यात कुणासाठी तरी यांना आश सुचली, आणि आपल्यासाठी मात्र शपथ ऐकून सगळे गुपचूप घरी गेले. तिला आपल्या मत्सराची लाज वाटली, पण मत्सर वाटायचा तो वाटलाच. आणखी चार पावलं गेल्यावर तिला कळलं, की वास तिच्याच दारातून येतोय.

दार लोटलेलं होतं. किल्ली कोंबड्यांना दाणे घालायला मुनव्वरकडे दिलेली होती. आत दहा-बारा माणसांचा गलका चालला होता.

"मी अजून म्हणते, भीती वाटते मला," हा मुनव्वरचा आवाज. "शपथ मोडली आणि तिकडे तिला काही झालं, तर मी काय करू?"

"शपथ मोडली कुठे?" इस्फंदियार आगांनी वर्गातला आवाज लावला. "नीट आठवा. ती म्हणाली, 'आपल्या घरात' चूल पेटवायची नाही. हे आपलं घर आहे का? हे तिचं घर. चूल तिची, भांडं तिचं, सरपणसुद्धा तिचंच. आपण पाहुणे."

"तुम्ही नि तुमचे पाहुणे! लाकडं फोडायला सांगितली तर पाठीत उसण भरली म्हणाला होतात," मुनव्वर फणकारली.

दाराच्या कडीवर ठेवलेला तूबा खानमचा हात तिथेच राहिला. माझ्यामागे, तिनं मनात म्हटलं. ही माझ्यामागची आश आहे. तिला ते खरं वाटेना, म्हणून तिनं परत एकदा म्हटलं.

"सासूबाई, मीठ किती घालू?" आतून गुलअंदामनं विचारलं.

"दोन मुठी घाल. तूबा मुठीनंच घालते."

तूबा खानमचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. दोन मुठी? आत्ता? शेवया अजून पडायच्या आहेत! शेवयांच्या पिठातच मीठ असतं, कश्क तर मूळचंच खारट. मीठ सगळ्यात शेवटी, तेही चाखून चिमूटभर. इतकी वर्षं यांनी वाडगे चाटून पुसून खाल्ले, आणि एकीनंही बघितलं नाही आपण मीठ केव्हा घालतो ते? एक हाक मारली असती तर आश वाचली असती.

पण हाक मारायची म्हणजे आत जायचं. आत गेलं की गुलअंदामच्या हातातून पळी घ्यायची, मुनव्वरला बाजूला बसवायचं, कंबरेला पदर खोचल्यासारखी ओढणी खोचायची, आणि मग नेहमीसारखं सगळ्यांना आपण वाढायचं. ती आश परत आपलीच होणार. आणि आपल्यामागची आश आपणच शिजवली, तर ती कसली पाठीमागची?

तिनं कडीवरचा हात काढून घेतला. दाराशेजारच्या दगडी ओट्यावर ती बसली, आपल्याच घराबाहेर. दगड गार होता. आत मीठ पडलं, आणि तेवढ्यात तिला खोकला आला. तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं, डोळे मिटले आणि खोकला छातीत दाबून धरला.

"आता शेवया," मुनव्वर म्हणाली. "हळू सोड गं, मूठभर एकदम नको टाकू. मोकळ्या मोकळ्या सोड. गुंता नको व्हायला."

"सोडतेय सासूबाई."

"बघून सोड. तिची वाट आहे ती." मग नुसता पळी भांड्याला लागल्याचा आवाज. आणि मग मुनव्वरच, पण वेगळ्याच आवाजात, "मेलीनं फोनसुद्धा केला नाही. डोळ्याला पट्टी असेल. अनोळखी घर, रात्री तहान लागली तर तिला पाणी कुठे ते दिसायचं नाही, आणि मागायची तर ती मुळीच नाही. तहानेनं मरेल, पण मला पाणी द्या म्हणायची नाही ती."

ओट्यावर तूबा खानम रडत होती. आवाज न करता, ओढणी तोंडात धरून, लहान मुलीसारखी. आपण सगळ्यांना वाढलं याचा तिला आजवर मनातून अभिमान होता. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण या माणसांना काही करूच दिलं नाही. ती माणसं वाडगा घेऊन दारात यायची वाट बघत होती आणि आपण दार आतून लावून ठेवलं होतं, वर त्याला चांगुलपणा म्हणत होतो.

रडणं दाबता येतं, खोकला येत नाही. तो सुटला तो असा, की आतल्या कोंबड्यासुद्धा फडफडल्या.

दार उघडून गुलअंदाम पळी हातात घेऊन बाहेर आली आणि किंचाळली. तिच्यामागून सगळे. मुनव्वर पुढे आली, तूबाला बघून मटकन उंबऱ्यावर बसली. "तूबा! जिवंत आहेस का मेलीस?"

"मेले असते तर खोकले असते का?"

"मी सांगत होते! शपथ मोडली म्हणून झालं हे! डोळा गेला का? खरं सांग, गेला का?"

"काही झालेलं नाही. खोकला आहे म्हणून डॉक्टरनं परत पाठवलं. पंधरा दिवसांनी या म्हणाला."

मुनव्वरनं कपाळावरचा घाम पुसला आणि तिला लगेच राग आला. "मग इथे काय करतेस थंडीत, स्वतःच्या घराबाहेर भिकाऱ्यासारखी? ऊठ, आत ये."

"नाही येणार. आश उतरेपर्यंत मी प्रवासात आहे."

हे सगळ्यांना पटलं. इस्फंदियार आगा आतून गोधडी घेऊन आले, कुणी शेगडीत निखारे आणले. अर्ध्या गल्लीनं आत आश ढवळली आणि अर्धी बाहेर ओट्यापाशी प्रवाशाला सोबत करत बसली. प्रवाशानं स्वतःची आश खावी का, यावर वाद झाला. मुनव्वर म्हणाली, असं कधी ऐकलं नाही. इस्फंदियार आगा म्हणाले, "आश वाटसरूला द्यायची असते. ही घराबाहेर आहे, म्हणजे वाटसरू. पहिला वाडगा हिचा."

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"नवे दात आल्यापासून मी पुस्तकं बघत नाही, सरळ खातो."

गुलअंदामनं पहिला वाडगा आणून तिच्या हातात दिला. वर कश्काची पांढरी रेघ, पुदिन्याचं हिरवं तेल, तळलेला कांदा. तिला ते दिसलं नाही, पण कुणीतरी निगुतीनं काढलंय हे तिला वासावरून कळलं. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती. तिनं चमचा तोंडात घातला.

समुद्र. नुसता समुद्र. पण एकेक शेवई सुटी होती. तिनं जिभेनं शोधून पाहिलं, एकही गाठ नव्हती.

तिनं सगळा वाडगा संपवला. वाडग्यात चमचा वाजला तेव्हा कुठे गुलअंदामचा श्वास सुटला.

"कशी झालीय, खाला?"

"खारट," तूबा खानम म्हणाली.

गुलअंदामचं तोंड एवढंसं झालं. मुनव्वर म्हणाली, "तरी मी हिला सांगत होते..."

"तूच सांगितलंस दोन मुठी. मी बाहेर बसून ऐकलं."

हशा पिकला. मुनव्वरलाही हसू आवरेना. गुलअंदामनं रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी घालू, खाला?" आणि विचारता विचारताच ती पळी परत भांड्याकडे न्यायला वळली, कारण आता दोनदा नको नको होणार, मग हात धरावे लागणार, हे तिला गल्लीत आल्यापासून पाठ होतं.

तूबा खानमनं वाडगा पुढे केला.

"घाल," ती म्हणाली. "भरून घाल."

गुलअंदामनं सासूकडे पाहिलं, सासूनं मान हलवली. वाडगा काठोकाठ भरला. तूबा खानम खात राहिली, मधून मधून पाणी मागत राहिली. "पाणी दे गं जरा," म्हणाली, की मुनव्वर स्वतः उठायची, दुसऱ्या कुणाला उठू द्यायची नाही.

पंधरा दिवसांनी जमशीदची गाडी परत गल्लीच्या तोंडाशी आली. परत कुराण, परत पाण्याचा तांब्या, परत सगळी गल्ली. पण या खेपेला मुनव्वर काही विचारेना. ओठ घट्ट मिटून उभी होती. एकदा पोळलेली बाई, ती कशाला विचारते? तूबा खानम गाडीत बसली. दार लागलं. गुलअंदामनं तांब्या उचलला.

गाडीची काच खाली आली.

"मुनव्वर!"

"काय गं?"

तूबा खानमच्या घशात परत हुंदका आला, आणि तो दाबायला ती परत ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "माझं मेलेलं तोंड बघाल, परवा माझ्यामागे आश टाकली नाहीत तर!"

मुनव्वरनं कुराण छातीशी धरलं.

"बरं," मग ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."